रियुनियन बेट: रस्त्याकडेला लिहिलेली सालं आणि आम्ही दोघं

कातळवाट

लिहीन लिहीन म्हणत सहा महिने गेले, आज बसलेच. गेल्या सप्टेंबरात मी आणि नवरा अकरा दिवस रियुनियनला होतो. जायच्या आधी मराठीत काही वाचायला मिळतंय का बघितलं तर फारसं हाती लागलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी थोडी ओळख. हे बेट हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशसपासून विमानाने पाऊण तासावर. पण देश वेगळा नाही, हा फ्रान्सचाच एक जिल्हा, त्यामुळे चलन युरो, भाषा फ्रेंच आणि घराघरात क्रिओल. लोकवस्ती साधारण नऊ लाख आणि ती बहुतेक सगळी किनाऱ्याला धरून, कारण आत शिरलं की कडेच कडे. बेटावर दोन ज्वालामुखी आहेत. पितों दे नेज हा ३,०७० मीटरचा, हजारो वर्षं झोपलेला, हिंदी महासागरातलं सगळ्यात उंच शिखर. दुसरा पितों द ला फुर्नेज, २,६३२ मीटर, आणि तो मात्र एकदम जागा. सतराव्या शतकापासून त्याचे दीडशेहून जास्त उद्रेक नोंदवलेत.

पहिले दोन दिवस आम्ही पूर्व किनाऱ्याला होतो आणि मला आजही डोळ्यासमोर येतो तो तिथला रस्ता. सें-रोझ ते सें-फिलीप जाताना ग्रां ब्रुले नावाचा उतार लागतो, म्हणजे शब्दशः "मोठं जळकं". डोंगरावरून आलेला लाव्हा याच उतारावरून समुद्राकडे जातो आणि रस्ता त्याला आडवा. दरवेळी रस्ता गाडला जातो, लाव्हा थंड झाला की त्याच्यावरून परत नवा बांधतात, आणि कडेला पाटी लावतात: अमुक सालचा ओघ. २००२, २००४, २००७ अशा पाट्या एकामागून एक येतात. आम्ही प्रत्येक पाटीपाशी थांबलो, नवरा म्हणाला अशाने संध्याकाळ होईल, झाली तर होऊ दे म्हटलं. कारण दोन पाट्यांमधे काय फरक असतो ते चालत बघण्यासारखं आहे. नव्या ओघावर जवळजवळ काहीच नाही, फक्त करड्या-पांढऱ्या दगडफुलाची साय, लांबून वाटतं राख पडलीय. त्याहून जुन्यावर भेगांमधून नेचे वर आलेले. अजून जुन्यावर झुडपं, आणि त्याच्या पलीकडे एकदम ओलं गच्च जंगल. पुस्तकात जे शंभर-दोनशे वर्षांत होतं म्हणून वाचतो ते इथे एका दुपारी डावीकडून उजवीकडे दिसतं.

२००७ चा ओघ सगळ्यात मोठा, समुद्रात शिरून त्याने बेटाला नवी जमीन जोडली. तो इतका जाड होता की त्यानंतर कित्येक वर्षं पाऊस पडला की त्यातून वाफा यायच्या.

सें-रोझजवळ ते प्रसिद्ध चर्च आहे. एप्रिल १९७७ मधे लाव्हा नेहमीच्या हद्दीबाहेर फुटला आणि थेट गावात आला. लोकांना आधीच हलवलं होतं म्हणून जीव कोणाचा गेला नाही, पण घरं गेली. चर्चच्या दारापर्यंत येऊन लाव्हा थांबला आणि दोन्ही बाजूंनी वळून पुढे गेला. गावाने चर्च परत वापरात आणलं, नाव दिलं नोत्र-दाम दे लाव्ह, लाव्हावाली माता म्हणूया. आत बसलो तेव्हा एक आजी फुलं बदलत होत्या, बाहेर भिंतीला टेकून तो काळा ढीग अजून तसाच आहे. मी धार्मिक नाही फारशी, पण तिथून लगेच उठवेना.

आता मुख्य ज्वालामुखी, म्हणजे तो जागा पितों द ला फुर्नेज. बुर-म्युरा गावातून वर रस्ता जातो, शेवटी प्लेन दे साब्ल हे तांबूस-काळ्या खडीचं पठार, तिथून कच्च्या रस्त्याने पा द बेलकोंब. साडेपाचला पोचलो तेव्हा इतकी थंडी की बोटं वाकत नव्हती, उष्ण कटिबंध वगैरे सगळं खाली किनाऱ्यावर, वर २,३०० मीटरवर स्वेटर आणि कानटोपी लागतेच. तिथल्या कड्यावरून पाचशेच्या वर पायऱ्या उतरून मोठ्या कॅल्डेरात, म्हणजे ज्वालामुखी खचून झालेल्या खोलगट भागात, जायचं, त्याला आंक्लो म्हणतात, म्हणजे कुंपण. उतरल्या उतरल्या फॉर्मिका लेओ नावाची १७५३ ची छोटीशी लाल टेकडी आहे. मग पुढे नुसता कातळ. कुठे दोरखंड पिळून ठेवल्यासारखा गुळगुळीत, कुठे मोडक्या विटांच्या ढिगासारखा, त्याला तिकडे ग्रातों म्हणतात, पडलात तर तळहात सोलून निघतो.

वर दोलोमिय विवराच्या काठावर पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. जवळजवळ एक किलोमीटर रुंद खड्डा. २००७ च्या त्याच उद्रेकात खालचा लाव्हा निघून गेला, पोकळी झाली आणि विवराचा तळ ३०० मीटरहून जास्त खचला. म्हणजे दोन दिवसांपूर्वी खाली किनाऱ्यावर ज्या काळ्या जमिनीवर आम्ही उभे होतो, ती इथून गेलेली. हे कळायला नकाशा पुरत नाही, दोन्ही ठिकाणी पाय लागावे लागतात. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

परतताना नऊ-साडेनऊला ढग आले. आले म्हणजे काय, दहा मिनिटांत समोरचा माणूस दिसेना. वाट म्हणून काही नसते तिथे, कातळावर पांढऱ्या रंगाचे ठिपके असतात तेवढेच. आमचा एक ठिपका चुकला. नवऱ्याचं म्हणणं डावीकडे, माझं म्हणणं इथून हलायचं नाही, आणि दोघंही घाबरलेलो असल्यामुळे आवाज चढले. शेवटी असं ठरवलं की एकाने सापडलेल्या ठिपक्यावर उभं राहायचं, दुसऱ्याने पुढचा शोधायचा आणि हाक मारायची, हाक आल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. असं एक तासभर चाललो असू. लग्नाला चौदा वर्षं झाली पण इतक्या वेळा एकमेकांना नावाने हाका मारल्याचं आठवत नाही. धुकं उठलं तेव्हा कडा समोर होता.

बाकीचं उद्या लिहिते, माफात नावाच्या दरीबद्दल स्वतंत्र लिहायचंय.

घाटमाथा

जबरदस्त!! पाट्यांचं वाचून आत्ता उठून जावंसं वाटतंय. काही प्रश्न: सप्टेंबरच का? व्हिसा कुठला? आणि उद्रेक चालू असेल तर ज्वालामुखीपाशी जाऊ देतात का?

कातळवाट

@घाटमाथा, मे ते नोव्हेंबर कोरडा मोसम, म्हणून सप्टेंबर. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने. ऑक्टोबरात तिथे बेट आडवं पार करायची मोठी डोंगरी शर्यत असते, दियागोनाल दे फू, १६० किलोमीटरच्या वर, तेव्हा डोंगरातल्या राहायच्या जागा मिळणं कठीण, तो आठवडा टाळा.

व्हिसाचं नीट लक्षात घ्या, फ्रान्स असलं तरी रियुनियन शेंगेनमधे, म्हणजे सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. नुसता शेंगेन काढून निघू नका, अर्जात रियुनियन स्पष्ट लिहा.

उद्रेकाची लक्षणं दिसली की आंक्लोचं फाटक बंद. बुर-म्युराला वेधशाळा आहे, १९७७ मधे गावात लाव्हा आला त्यानंतर उभारलेली, ते लोक भूकंपमापकांवर आणि जमिनीच्या फुगण्यावर सतत लक्ष ठेवून असतात. फाटक बंद असताना लोक बाहेरच्या कड्यावरून किंवा रस्त्यावरून बघतात. आमच्या वेळी काही नव्हतं, लाल लाव्हा आम्ही पाहिला नाही, आणि मला त्याची चुटपुट नाही.

भूगर्भी

ताई, लेख आवडला. एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत म्हणून मी लिहितो, कारण मराठी वाचणाऱ्यांना या बेटाबद्दल ही सगळ्यात आधी माहीत हवी. ज्या तप्त स्थानामुळे, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेच्या स्रोतामुळे, आज पितों द ला फुर्नेज जागा आहे, त्याच स्थानाशी दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा, संबंध जोडतात. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी त्याच्यावर होती, तेव्हा थरांवर थर लाव्हा पसरला, ज्याच्यात पुढे सह्याद्रीचे कडे कोरले गेले. मग भारतीय प्लेट उत्तरेकडे सरकत गेली आणि मागे माग राहिला: लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मग मॉरिशस साधारण ८० लाख वर्षांचं, आणि शेवटी रियुनियन, पाण्यावर येऊन जेमतेम २० लाख वर्षं झालेलं. तुम्ही लिहिलेला दोरखंडासारखा पिळलेला कातळ आपल्याकडेही बघायला मिळतो, फक्त तो कोट्यवधी वर्षं जुना.

पावसाळी

@भूगर्भी म्हणजे रियुनियन एकेकाळी आपल्याला चिकटलेलं होतं का?

भूगर्भी

नाही नाही, हा गैरसमज फार होतो. बेट तेव्हा नव्हतंच. खालचा उष्णतेचा स्रोत साधारण जागच्या जागी, वरची जमीन सरकते. तव्यावर धिरडं सरकवत नेलं तर आच एकाच जागी असून डाग ओळीने पडतात, तसं. आणि लाव्हाही "तोच" नाही, दख्खनचा प्रचंड होता, लाखो चौरस किलोमीटर व्यापणारा, रियुनियन त्यामानाने लहान धुनी. या स्रोताच्या खोलीबद्दल, आकाराबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, पण बेटांची वयं दक्षिणेकडे कमी कमी होत जातात हे मोजलेलं आहे.

कातळवाट

@भूगर्भी, हे मला परत आल्यावर कळलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तिथे विवराच्या काठावर नवरा म्हणाला होता, "हा दगड ओळखीचा वाटतो." मी म्हटलं काळा दगड सगळीकडे काळाच. तो लहानपणापासून डोंगरात हिंडलेला, त्याच्या हाताला कळलं असणार. मी त्याला तेव्हा गप्प केलं याचं वाईट वाटतं, आता तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

निळाशार

छान लिहिलंय पण स्पष्ट सांगतो, जोडीने जायचं तर मॉरिशस किंवा मालदीव. रियुनियनला पोहता येत नाही शार्कमुळे असं ऐकलं. मग समुद्र असून उपयोग काय?

कातळवाट

@निळाशार, अर्धं बरोबर आहे. २०११ पासून शार्कचे हल्ले वाढले आणि २०१३ पासून प्रवाळाच्या भिंतीबाहेर, जिथे पहारा नाही तिथे पोहायला आणि सर्फिंगला बंदी घातली. पण पश्चिमेला लेर्मिताज, ला सालीन इथे प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आत कमरेएवढं शांत पाणी, तिथे मनसोक्त पोहता येतं. आम्ही दीड दिवस तिथे होतो, मासे पायाशी येतात. प्रवाळावर पाय ठेवू नका, ती राखीव जागा आहे.

उपयोगाचं म्हणाल तर ज्याचं त्याचं. नुसतं पाण्याशी पडून राहायचं असेल तर तुम्ही म्हणता ती बेटं जास्त बरी, हे मान्य. रियुनियन पायाने बघायचं बेट आहे.

कातळवाट

कालचं पुढे. माफात.

पितों दे नेजच्या भोवती तीन प्रचंड दऱ्या आहेत, खचून आणि पावसाने झिजून झालेल्या: सालाझी, सिलाओस, माफात. त्यांना सिर्क म्हणतात. या कड्यांना आणि शिखरांना २०१० मधे जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पहिल्या दोन्हीत गाडीरस्ता आहे, सिलाओसच्या रस्त्याला तर चारशे वळणांचा रस्ता म्हणतात. माफातमधे रस्ता नाही. काहीही नाही. चालत जायचं किंवा हेलिकॉप्टर. तरी तिथे सातशे-आठशे माणसं राहतात, लहान लहान वाड्यांवर, शाळा आहेत, वीज सौर. सिमेंटची पोती, तांदूळ, गॅसच्या टाक्या सगळं हेलिकॉप्टरने टांगून आणतात.

माफात हे नाव पडलं ते गुलामगिरीतून पळून या कड्यांत लपलेल्या एका मालागासी, म्हणजे मादागास्करच्या, माणसावरून. ऊस आणि कॉफीच्या मळ्यांतून पळालेल्या माणसांनी पहिल्यांदा हे डोंगर वसवले, कारण इथे पकडायला येणाऱ्यालाही चढायला लागायचं. गुलामगिरी संपली २० डिसेंबर १८४८ ला, आजही त्या दिवशी बेटावर सुट्टी असते. मी वाचून गेले होते हे, पण कोल दे ब्यफच्या खिंडीतून खाली बघितलं आणि पोटात कालवलं. इतक्या खोल जागेत माणूस आपणहून राहायला जातो तेव्हा मागे काय सोडून जात असेल.

खिंडीतून ला नूव्हेल वाडीवर उतरायला आम्हाला अडीच तास लागले. वाटेत तामारँ नावाच्या झाडांचं पठार, चिंच नव्हे, बाभळीच्या कुळातलं झाड, वादळांनी वाकवून जमिनीसरशी केलेली खोडं आणि त्यातून परत सरळ वर आलेल्या फांद्या, वर शेवाळ लोंबतंय. एक छोटा पक्षी सारखा पुढे पुढे उडून बसायचा आणि आवाज करायचा, टेक-टेक, नावच त्याचं टेक-टेक. आपल्या गप्पीदासाच्या भावकीतला आहे आणि चालणाऱ्या माणसाची सोबत तो सोडत नाही.

मुक्काम एका कुटुंबाकडे. रात्री लांब टेबलावर सगळे एकत्र जेवतात. घरच्या बाईंना आमचं फ्रेंच समजत नव्हतं, मग त्यांनी हाताला धरून परसात नेलं आणि कुठली भाजी उद्या करणार ते दाखवलं. रात्री इतकं शांत की झोप लागेना. सकाळी साडेसहाला पहिलं हेलिकॉप्टर.

दुसऱ्या दिवशी मार्ला वाडीपर्यंत जाऊन पठारावरून परत खिंडीत. शेवटच्या चढावर माझा गुडघा गेला. खरं तर त्यानंतर पितों दे नेजवर जायचं ठरलं होतं, वरच्या झोपडीत राहून पहाटे शिखर. नवऱ्याच्या कित्येक वर्षांच्या मनातलं होतं ते. मी म्हटलं तू एकटा जा, मी सिलाओसला थांबते. तो एकटा झोपडीपर्यंत गेला, रात्री राहिला आणि पहाटे शिखरावर न जाता खाली उतरून आला. कारण विचारलं तर म्हणाला वर जाऊन हाक कोणाला मारणार. यावर मी काही लिहू शकत नाही.

शेवंती

शेवटचं वाचून डोळ्यात पाणी आलं गं.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय होतं तिथे? आणि आमच्याकडे कोणीतरी म्हणालं की तिथे तमिळ लोक खूप आहेत, खरं का?

कातळवाट

@शेवंती, नवरा शाकाहारीच आहे आणि उपाशी राहिला नाही. प्रत्येक जेवणात भात, त्यावर डाळ किंवा घेवड्यासारखं कडधान्य, त्याला ते ग्रँ म्हणतात, शेजारी रुगाय म्हणजे टोमॅटो-मिरचीची झणझणीत चटणी. सिलाओसची मसूर प्रसिद्ध, बारीक आणि चवीला गोडसर. सालाझीत शूशू नावाची फळभाजी वेलावर सगळीकडे, तिचा कोवळा पालाही परततात. मुख्य कालवण, कारी, बहुतेक मांसाचं नाहीतर मासळीचं, त्यामुळे आधी कळवायचं. कळवलं की करतात.

तमिळ लोकांचं खरं आहे. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांवर करारावर माणसं आणली, त्यात तमिळ भागातून आलेले खूप, त्यांना तिथे मालबार म्हणतात. सें-आंद्रेला रंगीत गोपुरांची देवळं आहेत, दिवाळी मोठी होते, निखाऱ्यांवरून चालायचं व्रतही करतात. भाषा बहुतेकांची गेली, देव राहिले.

आणि व्हॅनिलाचं सांगायचं राहिलं. व्हॅनिलाची वेल मूळची मेक्सिकोची, ती इथे वाढली पण शेंग धरेना, कारण परागीभवन करणारा कीटक इथे नाही. १८४१ मधे एदमों आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने दाबायची रीत काढली. आजही जगभर बहुतेक व्हॅनिला तशीच हाताने फळवतात. मळ्यात एका बाईंनी करून दाखवलं, दोन-तीन सेकंदांचं काम. तो मुलगा पुढे स्वतंत्र झाला पण गरिबीतच वारला, १८८० मधे. व्हॅनिलाचा वास आला की आता मला तो आठवतो.

पावसाळी

मी तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेलो होतो, कोणी जाऊ नका. चार दिवस खोलीत. तिथला पाऊस म्हणजे गंमत नाही, २००७ मधे ज्वालामुखीजवळच्या कोमेरसों विवरापाशी तीन दिवसांत ३,९२९ मिलिमीटर पडला, तो ७२ तासांचा जागतिक विक्रम आहे. डासांचं पण बघा, २००५-०६ ला तिथे चिकनगुनियाची मोठी साथ आली होती, मलम जवळ ठेवा. धबधबे मात्र तेव्हाचेच, हे कबूल करतो.

दुपारचा चहा

आई-बाबांना न्यायचा विचार करतोय, वय ७० च्या आसपास, चालणं फार जमणार नाही. काही दिसेल का त्यांना की उगाच?

कातळवाट

@दुपारचा चहा, जरूर न्या. पाट्यांचा रस्ता आणि चर्च गाडीतूनच होतं, सें-रोझला एक रात्र राहा. पा द बेलकोंबच्या कड्यापर्यंत गाडी जाते, वाहनतळापासून थोडंसं चाललं की अख्खा कॅल्डेरा समोर, पायऱ्या उतरायची गरज नाही. बुर-म्युराला ज्वालामुखीचं संग्रहालय आहे, ते ढग आल्यानंतरच्या वेळेसाठी ठेवा. माफात बघायला मायदो नावाचा २,२०० मीटरचा कडा आहे, तिथेही गाडी जाते. वाड्यांची छपरं खाली ठिपक्यांसारखी दिसतात. फक्त आई-बाबांना पहाटे उठवा, साडेसहाला कड्यावर पोचा, गरम कपडे आणि थर्मास घेऊन. दहा वाजता पोचलात तर पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसणार नाही. वळणं फार आहेत, बाबांना गाडी लागत असेल तर पुढे बसवा.